देवीलालनं वऱ्हाड दिलं नाही

आमच्या गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की पहिला निरोप देवीलाल आडेकडे जायचा. आमंत्रणाचा नव्हे, ताडपत्रीचा. मग शिडीचा, मग भात शिजवायच्या मोठ्या गंजाचा, आणि कुणाच्या लक्षात राहिलं तर शेवटी आमंत्रणाचा. देवीलालचं उत्तर ठरलेलं असायचं, "घेऊन जा." समोरच्याचं मागून पुरं व्हायच्या आतच तो ते देऊन टाकायचा. एकदा वाटेनं जाणाऱ्या एका माणसानं नुसतं विचारलं, "शिडी मजबूत दिसते, कोठून आणली?" देवीलालनं शिडी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली. त्या माणसाचं घर इतकं बुटकं की उभ्यानं छपराचे कवेलू हाताला लागत. त्याला शिडीचं कामच नव्हतं. तरी ती बरीच वर्षं त्याच्याकडेच राहिली, कारण परत मागणं हाही देवीलालच्या लेखी एक प्रकारचा नकारच होता.

आमचं गाव पांढरकवड्याहून आत, केळापूर तालुक्यातलं. नाल्याच्या अलीकडं गावठाण, पलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. देवीलाल तांड्यातला, कापूस आणि तूर पिकवणारा. उंच, रुंद, मोठ्या मिशांचा माणूस. नवख्याला वाटावं, हा आता कुणाला तरी झापणार. मी गावातला शिंपी, वामनराव. त्याचे सदरे मीच शिवतो. मागच्या दिवाळीला त्याचा नवा सदरा घ्यायला भलताच माणूस आला आणि म्हणाला, "देवीलालभाऊनं मले देला." माझी अजून काजं करायचीच होती.

गावठाणातले बबनराव हे त्याचे जिवाभावाचे मित्र. त्यांनी आपली बैलजोडी विकून टाकली, पण पोळा तर साजरा करायचा. तेव्हापासून पोळ्याला देवीलालची जोडी बबनरावांच्या दारात पुजली जाते. इंदुताई, म्हणजे बबनरावांच्या पत्नी, बैलांना ओवाळतात, आणि देवीलाल पाहुण्यासारखा जाऊन आपल्याच बैलांच्या पाया पडून पुरणपोळी खाऊन येतो. त्याचा बॅटरीचा फवारणी पंपही बबनरावांकडेच होता. तो त्यांनी एका फवारणीसाठी नेला होता. त्यानंतर कपाशीची पराटी दोनदा उपटून झाली.

आणखी एक सांगितलं पाहिजे. देवीलालची सासुरवाडी उमरखेडकडची. एकदा तो तिकडून परत येत होता, तर स्टँडवर कुणीतरी म्हणालं, "भाऊ, एवढ्या कोंबड्या पाहता का, पानी पिऊन येतो." देवीलाल पाहत बसला. त्याची एसटी आली आणि गेली. नंतरची पण गेली. संध्याकाळी तो कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेऊन शेवटच्या गाडीनं घरी आला. पुढच्या बाजाराला तो त्या कोंबड्या आणि मधल्या दिवसांत त्यांनी घातलेली अंडी घेऊन परत उमरखेडला गेला आणि स्टँडवर माणूस शोधत बसला. माणूस सापडला. तो देवीलालवर चिडला होता.

त्याची बायको जमनाबाई त्या दिवशी त्याला म्हणाली, "तुमचा पणजा लोकायचं सामान बैलावर लादून न्यायचा, तं त्याचे पैशे घ्यायचा. तुमी आपलं सामान लोकायच्या घरी फुकटात पोचवून देता. कोन्त्या जातीचा धंदा होय हा?"

देवीलाल म्हणाला, "मानूस मांगाले येते तं मले कसंतरीच वाटते."

"काय वाटते?"

"त्याले 'नाही' म्हटल्यावर त्याचं तोंड कसं होईन, ते मले पहिलेच दिसते."

अशा माणसाच्या हातात यंदाच्या जानेवारीत अख्खं वऱ्हाड आलं.

झालं असं, की आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. मोठा कार्यक्रम ठरला, पांढरकवड्याहून प्रमुख पाहुणे ठरले, गावजेवण ठरलं. इतिहास शिकवणारे कपिल सर, अमरावतीकडचे, तरुण आणि उत्साही. त्यांनी नाटक लिहिलं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कंपनी सरकारच्या हवाली केलं, त्यावर. म्हणजे आदल्या दिवशी आपण निजामाचे, दुसऱ्या दिवशी कंपनीचे, आणि शेतातल्या माणसाला कुणी विचारलंसुद्धा नाही, असं सरांना दाखवायचं होतं. खरा करार हैद्राबादला झाला, पण हैद्राबादचा दरबार उभा करणं शाळेला झेपणारं नव्हतं. म्हणून सरांनी एक तालुकदार आपल्या मनानं घातला. कंपनीचा साहेब येतो, कचेरीच्या किल्ल्या मागतो, निजामाचा तालुकदार त्या देतो, राज्य बदलतं, पडदा पडतो, मंडळी जेवायला जातात.

साहेबाचं काम बबनरावांनी मागून घेतलं. शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष, आणि मंडप त्यांच्याच पुतण्याचा. तालुकदाराचं काम मात्र कुणी घेईना. गावातला जो तो म्हणे, अख्ख्या गावासमोर हरणारा मानूस मी कायले होऊ. सर शेवटी तांड्यात गेले.

देवीलालनं सरांना बसवलं, चहा दिला आणि ऐकायच्या आधीच हो म्हणाला.

"तुम्हाला काही पाठ करायचं नाही, देवीलालभाऊ," सर म्हणाले. "साहेब किल्ल्या मागतील. तुम्ही फक्त म्हणायचं, घेऊन जा, साहेब."

"हे जमते मले," देवीलाल म्हणाला.

आतून जमनाबाई म्हणाली, "हे त्यायले झोपेतबी जमते."

शेरवानी पांढरकवड्याहून भाड्यानं आणली होती, नवरदेवाची. ती कमरेत ढगळ होती म्हणून मला बोलावलं. मी ती देवीलालच्या अंगावरच टाके घालून आवळली, आणि तिथंच उभा होतो म्हणून सरांनी संवादांचे कागद माझ्या हातात दिले. मी पडद्यामागून शब्द पुरवायचे, असं ठरलं.

तालमी सुरू झाल्या आणि अडचण भलतीच निघाली. बबनराव आत येऊन म्हणायचे, "तालुकदार, तुमच्या निजामसरकारनं हा मुलूख..." तेवढ्यात देवीलाल किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात कोंबायचा. "घेऊन जा, साहेब."

सर डोक्याला हात लावायचे. "अहो, मागू तरी द्या त्यांना. कपाशीची बोंडं नाहीत ही. एवढा मोठा मुलूख आहे. जरा थांबा. किल्ल्या हातात घ्या, त्यांचं वजन जाणवू द्या. हे सगळं तुमचं आहे असं मनात आणा. आणि मग जड अंतःकरणानं म्हणा."

देवीलालला ते पटलं. आज्ञाधारक माणूस, तो रोज घरी चुलीपुढं बसून सगळं आपलं आहे असं मनात आणायचा. जमनाबाई विचारायची, "काय करून राह्यले?" तो म्हणायचा, "थांब, वऱ्हाड मनात आनून राह्यलो."

पोरांनी पुठ्ठ्याच्या किल्ल्या केल्या होत्या, चांदी लावून. त्या वाजत नव्हत्या. सरांना खणखणाट हवा होता. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी शाळेच्या शिपायाकडून शाळेचाच खरा जुडगा घेतला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण गावजेवणाचं सगळं रांधलेलं अन्न आठवीच्या वर्गात ठेवलं होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, डालड्यातली बुंदी. गावातले कुत्रे हुशार, म्हणून वर्गाला कुलूप होतं, आणि त्याची किल्ली याच जुडग्यात होती.

संध्याकाळी मंडप भरला. पुढं खुर्चीवर पाहुणे, डाव्या बाजूला बाया, उजव्या बाजूला पुरुष, मागं उभे पोट्टे. बबनरावांनी तोंडाला इंदुताईंचा पावडरीचा अख्खा डबा फासला होता. मान तशीच सावळी राहिली होती, त्यामुळे गळ्यावर कुणीतरी दुसऱ्याचं मुंडकं ठेवल्यासारखं दिसत होतं. अंगात लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट. ते आत आले तेव्हा पहिल्या रांगेतलं एक लहान लेकरू रडायला लागलं. त्याला बाहेर न्यावं लागलं.

बबनराव जोरात म्हणाले, "तालुकदार, तुमच्या निजामसरकारनं हा मुलूख आमच्या हवाली केला आहे. कचेरीच्या किल्ल्या द्या."

देवीलाल खुर्चीवरून उठला. तबकातला जुडगा उचलला. तो वाजला. देवीलालनं त्याच्याकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या लोकांकडं पाहिलं, मग वर मंडपाच्या कापडाकडं पाहिलं. सर माझ्याजवळ उभे होते, ते हरखून म्हणाले, "पाहा, किती मनात आणलंय."

देवीलाल काहीच बोलेना. मला वाटलं विसरला. मी पडद्यामागून हळूच म्हणालो, "घेऊन जा, साहेब."

देवीलालनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं विचारलं, "वामनराव, तुमाले घाई हाय का?"

मग तो बबनरावांकडं वळला आणि त्याच्या तोंडून त्याची घरची बोली निघाली. "कोनी दू."

गावठाणातल्या लोकांना काही कळलं नाही. तांड्यातली माणसं मात्र एकदम ताठ बसली, कारण बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्याचा अर्थ 'देत नाही' असा होतो, आणि हे शब्द देवीलालच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकले नव्हते.

"काय म्हटलं?" बबनरावांनी विचारलं. हे संवादात नव्हतं.

"देत नाही म्हटलं."

बबनरावांनी पडद्याकडं पाहिलं. माझ्या कागदावर पुढं फक्त 'पडदा पडतो' असं होतं. मी तो कागद त्यांना दाखवला. ते परत वळले, छाती पुढं काढली आणि आपल्या मनानं म्हणाले, "तालुकदार, आमची फौज नाल्यापलीकडं उभी हाय."

"नाल्यापलीकडं आमचा तांडा हाय," देवीलाल शांतपणे म्हणाला. "फौज असती तं कुत्रे भुकले असते."

तांड्यानं टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. ते शेजारच्या हेडमास्तरांना म्हणाले, "संवाद चांगले लिहिलेत." हेडमास्तर नुसतेच हसले.

"मग आमी जबरदस्तीनं घेऊ."

"घ्या," देवीलाल म्हणाला, आणि त्यानं जुडगा शेरवानीच्या आतल्या खिशात टाकला. शेरवानी मी अशी आवळून टाचली होती, की आत गेलेली वस्तू टाके उसवल्याशिवाय बाहेर येणं शक्य नव्हतं. मला माझ्या कामाचा अभिमान वाटावा की भीती, कळेना.

बबनराव हात पुढं करून उभे, देवीलाल हाताची घडी घालून उभा. तेवढ्यात बायांच्या बाजूनं जमनाबाईचा आवाज आला. "अवो, पहिले फवारनीचा पंप मांगा त्यायले."

मंडप हसायला लागला. बबनराव साहेब आहेत हे विसरले. "वहिनी, पंप उद्या आनून देतो मी."

"दोन पोळे झाले, उद्याच हाय तुमचा."

"देवीलाल काही बोलला नाही ना मले?"

"ते बोलत नाहीत म्हनून तं मी बोलून राह्यली."

"हे नाटक हाय, वहिनी."

"मंग नाटकात मांगते."

इंदुताई शेजारीच बसल्या होत्या. त्या लाजेनं उठल्या. घर शाळेला लागूनच. पाच-दहा मिनिटांत पंप व्यासपीठावर आला. बाया टाळ्या वाजवत होत्या. पुरुषांच्या बाजूला मात्र चुळबुळ सुरू झाली. ज्याच्या ज्याच्या घरी देवीलालची वस्तू होती, त्याला वाटायला लागलं की पुढचं नाव आपलं. आपलं नाव भर मंडपात येण्याआधी वस्तू आणून ठेवलेली बरी, म्हणून एकेक जण हळूच उठला. बुटक्या घरचा माणूस शिडी घेऊन आला. ती बायांच्या डोक्यावरून पुढं पाठवावी लागली. मोठा गंज आला. ताडपत्री आली. बाज आली, तिच्यावर कुणाची तरी गोधडी तशीच होती. एकानं कुकर आणून ठेवला आणि म्हणाला, "शिट्टी घरी हाय, सापडली की देतो." देवीलालला स्वतःलाही आठवत नसलेल्या वस्तू येत होत्या. तो प्रत्येकाला म्हणत होता, "राहू द्या ना, कायले आनली." पण जुडग्याचं नाव काढलं की परत हाताची घडी.

पाहुण्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "ही इंग्रजांनी केलेली लूट दाखवली का?"

"होय," हेडमास्तर म्हणाले. "उलट्या बाजूनं."

याच वेळेला शिपाई पडद्यामागं आला आणि त्यानं आठवीच्या वर्गाची गोष्ट सांगितली. कपिल सर खाली बसले. "कुलूप तोडता येईल का?" त्यांनी विचारलं. शिपाई म्हणाला, "तुमीच म्हटलं होतं सर, कुलूप चांगलं घ्या."

बातमी मंडपात पसरायला वेळ लागला नाही. वऱ्हाड कुणाकडं जातं याची आतापर्यंत लोकांना फारशी फिकीर नव्हती. पण वऱ्हाडासोबत बुंदीही अडकली आहे म्हटल्यावर सगळं गाव राजकारणात पडलं. मागून कुणी म्हणालं, "देऊन टाक ना बाप्पा, इंग्रज तं तसेबी येनारच होते." तांड्यातून कुणी ओरडलं, "बिलकुल देऊ नको." गावठाणातल्या म्हाताऱ्यांनी तोडगा काढला, की अर्धं वऱ्हाड द्यावं. बबनरावांच्या तोंडावरची पावडर घामानं उतरून लाल कोटावर आली होती. ते हात जोडून म्हणाले, "देवीलाल, लेका, पंप देला ना मी. आता दे वऱ्हाड. साहेबाले भूक लागली."

"तुमाले जेवाले घालतो," देवीलाल म्हणाला. "वऱ्हाड देत नाही."

"पन जेवन वऱ्हाडातच हाय ना."

यावर देवीलाल पहिल्यांदा गोंधळला. एकीकडं समोर भुकेला मित्र, दुसरीकडं मनात आणलेला एवढा मोठा मुलूख. त्याचा हात शेरवानीच्या बटणांकडं गेला. मला पडद्यामागून दिसत होतं, की हा माणूस आता एक तर रडेल, नाही तर आजपर्यंतच्या सवयीनं जुडग्यासोबत शेरवानीही देऊन टाकेल.

तेव्हा जमनाबाई उठली. चालत पुढं आली, बाजेला वळसा घातला, शिडी ओलांडली आणि व्यासपीठावर चढली. ती नाटकात नव्हती, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तिनं मला हाक मारली, "वामनराव, कैची आना." मी कात्री घेऊन गेलो. सगळ्या गावासमोर निजामाच्या तालुकदाराची शेरवानी मी कमरेपाशी उसवली, आणि जमनाबाईनं आत हात घालून जुडगा काढला.

बबनरावांनी लगेच हात पुढं केला. जमनाबाईनं जुडगा कमरेला खोचला.

"हिकडं नाही न् तिकडं नाही," ती म्हणाली. "चला, लेकरायले वाढाचं हाय."

ती खाली उतरली आणि आठवीच्या वर्गाकडं चालायला लागली. बाया तिच्या मागं, पोट्टे बायांच्या मागं, पाहुणे हेडमास्तरांच्या मागं. कपिल सरांनी मला पडदा पाडायला सांगितलं. मी पाडला, तो शिडीवर अडकला.

जेवणं छान झाली. वाढण्याचं सगळं जमनाबाईनंच पाहिलं, आणि साहेबाला बुंदी दोनदा वाढली. पाहुण्यांचं भाषण जेवणानंतर झालं. ते म्हणाले, की हा प्रसंग आपण पुस्तकात असा वाचला नव्हता, पण शेवटी सत्ता घरच्या बाईच्या हातात देण्याची कल्पना फार मोलाची आहे, आणि त्याबद्दल लेखकाचं अभिनंदन. कपिल सर उभे राहिले, नमस्कार केला आणि बसले. रात्री घरी जाऊन त्यांना ताप भरला असं म्हणतात.

मला मात्र राहवेना. हात धुताना मी देवीलालला गाठलं. त्याची शेरवानी एका बाजूनं लोंबत होती. "देवीलाल," मी म्हणालो, "जन्मभर कोनाले नाही म्हटलं नाही, आन् आज काहून?"

"मले बी समजलं नाही," तो म्हणाला. "सरानं सांगतलं तसं सगळं मनात आनलं. हे गाव, तो नाला, मारेगाव, झरी जामनीचं जंगल, तिकडं उमरखेडले माह्या सासऱ्याचं वावर. आन् बबनराव आले न् उभ्यानंच म्हने, दे. मले वाटलं, एवढं मोठं मांगाचं हाय, तं मानसानं घडीभर बसावं. चहा घ्यावा. लेकरंबाळं कसे हायत, विचारावं. शिडी मांगाले येनारा मानूसबी माह्या घरी बसते."

"मग बसले असते बबनराव, तं दिलं असतं?"

"दिलं असतं ना," देवीलाल म्हणाला. "तसाच सोभाव हाय माहा."

पुढं सहामाही, नव्हे, वार्षिक परीक्षेत कपिल सरांनी हाच प्रश्न विचारला, की वऱ्हाड कुणाच्या ताब्यात गेलं. आमच्या गावच्या निम्म्या पोरांनी लिहिलं, गेलं नाही. काहींनी जमनाबाईचं नाव लिहिलं. सरांनी कुणालाच पूर्ण चूक दिली नाही. त्यांचाही आता या विषयावरचा विश्वास थोडा हलला आहे.

देवीलालच्या वस्तूंचं म्हणाल तर त्या महिनाभरात परत गावभर गेल्या. फरक एवढाच, की आता लोक त्या परत आणतात, आणि शाळेचा कार्यक्रम जवळ आला की जरा लवकर आणतात.

परवा मी तांड्यात मापं घ्यायला गेलो होतो, तेव्हा देवीलालच्या ओट्यावर शेजारच्या गावचे एक सर बसले होते. त्यांच्या शाळेत दानशूर राजाचं नाटक होतं, आणि राजाच्या कामासाठी देवीलाल हवा होता. देवीलाल हो म्हणून मोकळा झाला होता.

जमनाबाई दारात आली. "राजा काय दान करते?" तिनं विचारलं.

"गाय," सर म्हणाले.

"पुठ्ठ्याची?"

सर थोडे चाचरले. "खरी असली तर बरं, असं आमचं मत आहे. तुमच्याकडं आहे असं ऐकलं."

जमनाबाईनं गोठ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. नवरा गाईचं दावं सोडायला उठलाच होता.

"राजा न्या," ती सरांना म्हणाली. "गाय इथंच राहीन."